स्पर्धेसाठी छत्रपती संभाजीनगरला येताना : खेळाडू, पालक आणि क्रीडाशिक्षकांसाठी मार्गदर्शन

छत्रपती संभाजीनगरात वर्षभर कोणती ना कोणती मोठी स्पर्धा भरलेली असते. गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, विद्यापीठ परिसरातील भारतीय खेळ प्राधिकरणाचे म्हणजेच ‘साई’चे केंद्र आणि शहरातील महाविद्यालयांची मैदाने यांमुळे शालेय राज्यस्तरीय स्पर्धांपासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांपर्यंतचे सामने येथे होतात. त्या निमित्ताने सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंतची मुले-मुली, त्यांचे आईवडील आणि क्रीडाशिक्षक काही दिवस आमच्या शहरात राहतात. वेरूळ-अजिंठ्याची चित्रे सर्वांनी पाठ्यपुस्तकात पाहिलेली असतात, त्यामुळे ‘आलोच आहोत तर पाहून घेऊ’ हा विचार प्रत्येकाच्या मनात असतो आणि तो अगदी योग्य आहे. मात्र क्रम न लावता तो अमलात आणला, तर सामन्याच्या आदल्या दिवशी देवगिरी चढून पोटऱ्या भरून आलेला संघ आणि मंगळवारी वेरूळच्या बंद फाटकावरून परतलेले कुटुंब, अशी दोन्ही दृश्ये पाहायला मिळतात. या मार्गदर्शनाचे सूत्र एकच आहे : आधी खेळाडूचे शरीर, मग शहर, आणि दोन्हींना पुरेसा वेळ मिळेल असा क्रम घरून निघण्यापूर्वीच ठरवावा.

निघण्यापूर्वी

सर्वप्रथम एका कागदावर स्पर्धेच्या तारखा वारांसह लिहाव्यात. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात, एवढी एक गोष्ट त्या कागदावर ठळक लिहिली की अर्धे नियोजन झाले. त्यानंतर स्पर्धा साखळी पद्धतीची आहे की बाद पद्धतीची, हे संघ व्यवस्थापकाला विचारून घ्यावे. साखळी सामन्यांत कोणता दिवस मोकळा मिळणार, हे साधारण आधीच कळते. बाद पद्धतीत पहिल्या दिवशी हरलेल्या संघाला पुढचे दिवस मोकळे मिळतात, तर जिंकत जाणाऱ्या संघाला एकही दिवस मिळत नाही. म्हणून परतीचे आरक्षण अंतिम सामन्याच्या दिवसाचे न करता शक्यतो त्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाचे करावे. संघ लवकर बाहेर पडला तरी मुलांना शहर पाहता येते, आणि अंतिम फेरीत पोचला तर गाडी सुटण्याच्या धास्तीत बक्षीस समारंभ सोडावा लागत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत आधार कार्ड, जन्मदाखला, शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र, खेळाडूचे ओळखपत्र आणि पासपोर्ट आकाराची काही छायाचित्रे लागतात. मूळ प्रती क्रीडाशिक्षकांकडे असल्या तरी एक छायांकित संच पालकांनी स्वतःजवळ ठेवावा. वयाच्या पुराव्याचा आणखी एक उपयोग येथे होतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो, पण वयाच्या मानाने उंच दिसणाऱ्या बास्केटबॉल किंवा व्हॉलीबॉलच्या खेळाडूला तिकीट खिडकीवर वय विचारले जाऊ शकते. अशा वेळी आधारची प्रत पुरेशी ठरते.

कपड्यांचा विचार ऋतूनुसार करावा. एप्रिल-मेमध्ये येथील तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, तर डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन आणि पहाटे कडाक्याची थंडी असते. कोकणातून येणाऱ्या मुलांना या थंडीची कल्पना नसते, आणि पहाटेच्या सरावासाठी स्वेटर किंवा ट्रॅकसूट नसेल तर स्नायू गरम होण्याऐवजी आखडतात. हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच वाळतो आणि शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. दमट हवेत खेळण्याची सवय असलेल्या खेळाडूंना ही गोष्ट पहिल्या दिवशीच समजावून सांगावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पिण्याची सवय लावावी.

काही तारखांना शहरातील रस्ते विशेष गजबजलेले असतात. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेमुळे मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्थानकाच्या परिसरात मोठी गर्दी होते. १४ जानेवारीला, म्हणजे विद्यापीठाच्या नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी अभिवादनासाठी फार मोठा जनसमुदाय जमतो. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला शहरातून लोक पायी जातात, आणि महाशिवरात्रीला तसेच श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराकडचा रस्ता भरलेला असतो. या दिवशी सामना असेल तर मैदानावर पोचण्यासाठी नेहमीपेक्षा अधिक वेळ हाताशी ठेवावा.

शहरात उतरताना

शहराचे नाव २०२३ मध्ये आणि रेल्वे स्थानकाचे नाव २०२५ मध्ये बदलले. जुनी प्रमाणपत्रे, काही फलक आणि बोलणे यांत औरंगाबाद हे नाव अजून आढळेल, तेव्हा तिकीट काढताना किंवा पत्ता शोधताना गोंधळून जाऊ नये. स्थानक मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे. मुंबईहून देवगिरी, तपोवन, नंदीग्राम, जनशताब्दी आणि वंदे भारत या गाड्या थेट येतात. उत्तर महाराष्ट्रातून किंवा उत्तर भारतातून येणाऱ्या संघांना मनमाडला गाडी बदलावी लागू शकते. त्या वेळी खेळाचे साहित्य, विशेषतः धनुष्याच्या पेट्या आणि तलवारबाजीच्या लांब पिशव्या, पुलावरून दुसऱ्या फलाटावर न्याव्या लागतात, हे लक्षात ठेवून मधला वेळ भरपूर ठेवावा.

पुण्याहून येणाऱ्यांना अहिल्यानगरमार्गे एसटी सोयीची पडते. विदर्भातून स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांना समृद्धी महामार्गावरून सावंगीला उतरता येते. एसटीच्या प्रवासात महिलांना तिकिटात पन्नास टक्के सवलत मिळते आणि पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास करता येतो. मुलींच्या संघाचा आणि सोबतच्या मातांचा खर्च यामुळे बराच कमी होतो, म्हणून खासगी वाहन ठरवण्याआधी एसटीचा हिशोब करून पाहावा.

येथे दोन बसस्थानके आहेत : समर्थनगरलगतचे मध्यवर्ती बसस्थानक आणि जालना रस्त्यावरचे सिडको बसस्थानक. जालना, परभणी, नांदेडच्या बाजूने येणाऱ्या अनेक गाड्या आधी सिडकोला थांबतात. रेल्वे स्थानक, गारखेड्याचे संकुल आणि विद्यापीठ ही तीन ठिकाणे तीन वेगवेगळ्या दिशांना आहेत, त्यामुळे स्पर्धा नेमकी कोणत्या मैदानावर आहे हे पाहूनच उतरण्याचे ठिकाण आणि मुक्काम ठरवावा. क्रीडा संकुलासाठी रिक्षाचालकाला ‘सूतगिरणी चौकाजवळचे क्रीडा संकुल’ आणि साईच्या केंद्रासाठी ‘विद्यापीठात, साई’ असे सांगितले की पुरते. विमानतळ चिकलठाण्याला, जालना रस्त्यावरच आहे.

मुक्काम आणि पाणी

खेळाडूंची सोय बहुधा आयोजक क्रीडा वसतिगृहात, शाळेत किंवा मंगल कार्यालयात करतात. पालकांना मात्र स्वतःची व्यवस्था पाहावी लागते. गारखेड्याला सामने असतील तर सिडको, उस्मानपुरा किंवा क्रांती चौकाचा परिसर, आणि विद्यापीठात असतील तर समर्थनगर आणि मध्यवर्ती बसस्थानकाजवळचा भाग सोयीचा पडतो. खोली घेताना गरम पाण्याची वेळ आणि सकाळी सहापूर्वी चहा-नाश्ता मिळेल का, या दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात, कारण सकाळच्या पहिल्या सत्रात सामना असला की हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. या शहराला पिण्याचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून, उपसून आणले जाते. अनेक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांच्या अंतराने येते, आणि त्या दिवशी घरातली टाकी, पिंप, कळशा आणि बादल्या भरून ठेवण्यात सारे घर गुंतलेले असते. मधल्या दिवसांत टँकरवर भागवावे लागते. लॉज, वसतिगृहे आणि मंगल कार्यालये यांचीही स्थिती याहून फार वेगळी नसते. बाहेरून आलेल्या मुलांना हे माहीत नसते, आणि सामन्यानंतर वीस जणांचा संघ एकाच वेळी कपडे धुवायला बसला की गच्चीवरची टाकी संध्याकाळीच रिकामी होते. मग रात्री उशिरा आलेल्या दुसऱ्या संघातल्या मुलींना हातपाय धुवायलाही पाणी उरत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. पहिल्या दिवशीच क्रीडाशिक्षकांनी व्यवस्थापकाला पाणी कोणत्या वेळी येते आणि टाकी कधी भरते हे विचारावे, आंघोळीसाठी प्रत्येकी एक बादली असा नियम करावा आणि कपडे धुण्याचे वार संघांनी आपसांत वाटून घ्यावेत. जर्सीचे दोन जोड सोबत असले तर रोज धुण्याची गरज राहत नाही. पिण्यासाठी वीस लिटरचे जार सर्वत्र मिळतात. संघाने रोज किती जार लागतील याचा अंदाज घेऊन दुकानदाराला आदल्या रात्री सांगून ठेवावे. आम्ही येथले लोक पाण्याच्या थेंबाला जपतो, आणि पाहुण्यांनीही ते जपले तर यजमानांना मनापासून समाधान वाटते.

शहरात फिरण्यासाठी

शहरात स्मार्ट सिटी बस चालते आणि रेल्वे स्थानक, मध्यवर्ती बसस्थानक, सिडको अशा प्रमुख ठिकाणांना जोडते. जालना रस्त्यासारख्या मुख्य मार्गांवर शेअर रिक्षाही मिळतात. सामान घेऊन किंवा रात्री जायचे असेल तर पूर्ण रिक्षा ठरवावी आणि बसण्यापूर्वीच भाडे स्पष्ट बोलून घ्यावे. येथे मराठी, हिंदी आणि दखनी ढंगाची उर्दू सहज मिसळून बोलली जाते. ‘भाऊ’, ‘काका’, ‘मावशी’ अशी हाक मारून विचारले की रस्ता सांगणारा माणूस बहुधा कोपऱ्यापर्यंत सोबत येतो.

मैदानावर हजर राहण्याच्या वेळेआधी निदान अर्धा तास पोचावे. जालना रस्त्यावर सकाळी आणि संध्याकाळी वाहतूक तुंबते. सामना संध्याकाळच्या सत्रात असेल तर हा वेळ आणखी वाढवावा.

खाणे आणि औषधे

सामना होईपर्यंत नव्या पदार्थांच्या वाटेला जाऊ नये, हा नियम कठोरपणे पाळावा. पोहे, इडली, वरण-भात, पोळी-भाजी, केळी हे घरच्यासारखे अन्न शहरात सर्वत्र मिळते. मराठवाडी जेवणात तिखट सढळ हाताने घातलेले असते, तेव्हा खानावळीत ‘भाजी कमी तिखट द्या’ असे सांगायला संकोच करू नये. ज्वारीच्या भाकरीची सवय नसलेल्या मुलाने सामन्याच्या दिवशी ती खाऊ नये. सवय असलेल्याने मात्र निश्चिंतपणे खावी, कारण तिच्यासारखे दमदार अन्न दुसरे नाही.

सामने संपल्यावर ही बंधने सुटतात. पिठले-भाकरी, ठेचा, कारळाची चटणी आणि धपाटे हे मराठवाड्याचे रोजचे खाणे आहे. धपाटे दोन दिवस सहज टिकतात, त्यामुळे परतीच्या प्रवासासाठी ते बांधून घ्यावेत. मांसाहारी मंडळींनी शहागंज आणि सिटी चौकाच्या भागात मिळणारा नान-खलिया चुकवू नये. मंद आचेवर दीर्घकाळ शिजवलेले मटण आणि भट्टीतला जाड, मऊ नान हा पदार्थ या शहराची ओळख आहे. डिसेंबर-जानेवारीत आलात तर शहराबाहेरच्या शेतांवर हुरडा मिळतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकून भूस उडवायचे आणि ते हिरवे दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर किंवा दह्याबरोबर खायचे. हाताला चटका बसतो, पण थंड झालेल्या हुरड्याला ती गोडी राहत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला देवगिरीच्या रस्त्याकडेला सीताफळांच्या आणि पेरूंच्या टोपल्याही मांडलेल्या असतात.

औषधांच्या बाबतीत एक गंभीर सूचना आहे. राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धेत उत्तेजक द्रव्य चाचणी होऊ शकते, आणि सर्दी-खोकल्याच्या काही साध्या गोळ्यांतही बंदी असलेले घटक असतात. म्हणून खेळाडूने औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने काहीही घेऊ नये. आधी संघाच्या डॉक्टरांना किंवा क्रीडाशिक्षकांना दाखवावे. तातडीच्या वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला शहरात सगळे ‘घाटी’ म्हणतात, आणि रिक्षाचालकाला तेवढेच सांगितले तरी तो तेथे नेतो.

सामन्यांच्या दिवसांत पाहण्यासारखे

खेळाडूने सामन्याच्या आदल्या दिवशी काहीच पाहू नये, असे माझे म्हणणे नाही. दिवसभर खोलीत बसून राहिल्याने दडपण वाढते. सपाट, सावलीची आणि तासाभरात पाहून होणारी ठिकाणे मात्र निवडावीत.

पाणचक्की हे त्यातले पहिले ठिकाण. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून काही किलोमीटर आणून, ते उंचावरून पाडून त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरवली जात असे. जवळच बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे, हौद आहे आणि मोठ्या वडाची दाट सावली आहे. हे शहर १६१० मध्ये खडकी या नावाने वसवणाऱ्या मलिक अंबरने जमिनीखालून नहरी काढून गावाला पाणी दिले होते. मुक्कामाच्या ठिकाणी बादली मोजून वापरणाऱ्या मुलांना येथे उभे राहून ही माहिती अवश्य सांगावी.

बीबी का मकबरा संध्याकाळी पाहावा. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात उभारलेली ही वास्तू ताजमहालाशी साम्य असल्यामुळे प्रसिद्ध आहे. पण तिच्याकडे तुलनेच्या नजरेने न पाहता घुमटाचा संगमरवर, गिलाव्यातले नक्षीकाम आणि मागे पसरलेली डोंगररांग यांच्याकडे पाहावे. बाग सपाट आहे, चढ नाही आणि संध्याकाळी वारा सुटतो. वाटेत भडकल दरवाजा लागतो. हा मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधला, आणि शहराचे पाणचक्कीजवळचा मकई दरवाजा, दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा असे कितीतरी दरवाजे अजून उभे आहेत.

साईच्या केंद्रात उतरलेल्या संघांना आणखी एक सोय आहे. विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी कोरलेली आहेत, आणि ती वेरूळ-अजिंठ्याच्या तुलनेत शांत असतात. येथे पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून खेळाडूंनी ती सामना झाल्यावर पाहावीत. पालकांना मात्र मुलांच्या सरावाच्या वेळात सहज जाऊन येता येते. वर पोचल्यावर मकबऱ्यासह सारे शहर दृष्टिपथात येते. सोबत पाण्याची बाटली घ्यावी, कारण वर दुकान नाही.

सामने संपल्यावर : देवगिरी आणि वेरूळ

एकच मोकळा दिवस असेल तर देवगिरी आणि वेरूळ एकत्र करावे. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. शहरापासून देवगिरी सुमारे पंधरा आणि वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते, आणि संघ मोठा असेल तर दिवसभरासाठी वाहन ठरवणे परवडते. सकाळी सातच्या आत निघावे. दौलताबादजवळ रस्ता जुन्या दरवाजाच्या अरुंद कमानीतून जातो आणि शनिवार-रविवारी तेथे वाहनांची लांब रांग लागते. लवकर निघालेल्यांना ती टाळता येते.

देवगिरी सकाळच्या गारव्यातच चढावा. यादवांची ही राजधानी १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या स्वारीने हादरली आणि पुढे मुहम्मद बिन तुघलकाने येथे आपली राजधानी आणून गावाला दौलताबाद हे नाव दिले. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर हत्ती हौद, भारतमातेचे मंदिर म्हणून ओळखली जाणारी खांबांची वास्तू आणि चाँद मिनार लागतो. येथपर्यंतची वाट सोपी आहे, आणि गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी येथेच सावलीत थांबावे. पुढे कातळ उभा तासून केलेला खंदक येतो आणि तो ओलांडला की अंधारी सुरू होते. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा वळणावळणाचा मार्ग शत्रूची दिशाभूल करण्यासाठीच केलेला आहे. आत पायऱ्या उंच-सखल आहेत, वटवाघळांचा वास येतो आणि उजेड जवळजवळ नसतो, म्हणून मोबाइलचा दिवा खाली पायाकडे धरावा आणि लहान मुलांना दोन मोठ्यांच्या मध्ये ठेवावे. वर गणपतीचे मंदिर आणि बारादरी आहे, आणि त्यापुढे शिखराकडे संत एकनाथांचे गुरू आणि या किल्ल्याचे किल्लेदार जनार्दन स्वामी यांचे स्थान आहे. तंदुरुस्त खेळाडूला चढ-उतार मिळून दोन ते अडीच तास लागतात. उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, त्यामुळे मुलांना पायऱ्यांवरून पळू देऊ नये. स्पर्धेत वाचलेला घोटा येथे मुरगळला, तर पुढची निवड चाचणी हातची जाते.

तेथून खुलताबादमार्गे वेरूळला यावे. वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत : पहिली बारा बौद्ध, नंतरची एकोणतिसाव्यापर्यंत हिंदू आणि शेवटची पाच जैन. सगळी एका दुपारी पाहण्याचा हट्ट धरू नये. माझ्या मते दहावे विश्वकर्मा लेणे, तीन मजली बारावे, सोळावे कैलास आणि जैन लेण्यांतील बत्तिसावे इंद्रसभा एवढी चार नीट पाहणे हे चौतीस लेण्यांसमोरून चालत जाण्यापेक्षा कितीतरी चांगले. लेण्यांची तोंडे पश्चिमेला आहेत, म्हणून दुपारनंतर सूर्य कलला की उजेड आतल्या मूर्तींपर्यंत पोचतो, आणि सकाळी देवगिरी व दुपारी वेरूळ हा क्रम त्या दृष्टीनेही सोयीचा ठरतो.

कैलास लेण्यासाठी निदान दीड तास राखून ठेवावा. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराचा कातळ वरून खाली कोरत आणून हे मंदिर घडवले गेले. आधी शिखर, मग मंडप, मग खांब आणि शेवटी पाया, असे उलट्या क्रमाने काम झाले. एकदा चुकीचा घाव बसला की तेथे नवा दगड बसवण्याची सोयच नव्हती. म्हणून आत जाण्यापूर्वी बाजूच्या टेकडीवरच्या पायवाटेने थोडे वर जाऊन ते वरून पाहावे. कारागिरांनी जेथून सुरुवात केली, तेथूनच आपली नजर खाली उतरत जाते आणि खालच्या चौकातली माणसे किती लहान दिसतात यावरून कामाचा आवाका कळतो. मग आत उतरून मंदिराच्या जोत्याभोवती एक फेरी घालावी. मंदिराचा सारा भार पाठीवर घेतल्यासारखे हत्ती येथे ओळीने उभे आहेत, आणि दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतो आहे असे शिल्प आहे. रावणाच्या पसरलेल्या हातांतला जोर आणि वर शंकराच्या पायाच्या अंगठ्याचा सहज दाब यांतला फरक कुस्तीगीर आणि भारोत्तोलकांच्या डोळ्यांना लगेच दिसतो.

लेण्यांपासून थोड्याच अंतरावर घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. त्याचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो. वेरूळ हे मालोजीराजे भोसल्यांचे गाव असून त्यांच्या गढीचे अवशेष येथे आहेत, आणि इतिहासाची आवड असलेल्या मुलांना ते दाखवण्यासाठी अर्धा तास काढावा.

दुसरा मोकळा दिवस : अजिंठा किंवा पैठण

अजिंठा शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि त्याला पूर्ण दिवस लागतो. जळगावकडे जाणारी एसटी सिल्लोडमार्गे फर्दापूरला जाते. खासगी वाहने लेण्यांपर्यंत सोडत नाहीत. फर्दापूर तिठ्यावर उतरून पुढचे चार किलोमीटर तेथल्या बसने जावे लागते. लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेली आहेत आणि सुरुवातीला पायऱ्या आहेत. चालू न शकणाऱ्यांसाठी डोली मिळते. चित्रांसाठी पहिले, दुसरे, सोळावे आणि सतरावे लेणे, आणि शिल्पासाठी बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती असलेले सव्विसावे लेणे चुकवू नये. चित्रांच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि बूट-चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून लेस सोडाव्या लागणाऱ्या बुटांऐवजी चपला घालून जावे. आत गेल्यावर दोन मिनिटे शांत उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की भिंतीवरचे चेहरे एकेक करून उलगडतात. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ याला शिकारीच्या निमित्ताने ही लेणी दिसली, आणि १९८३ मध्ये वेरूळबरोबरच त्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

दिवसभराचा प्रवास नको असेल तर पैठणला जावे. सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या या गावी संत एकनाथांची समाधी, गोदावरीचा घाट, पैठणी विणण्याचे माग आणि नाथसागराचा अथांग जलाशय आहे. पैठणी किंवा शहरातली हिमरू शाल विकत घ्यायची असल्यास ती हातमागावरची आहे की यंत्रमागावरची, हे स्पष्ट विचारावे, आणि शक्यतो माग चालू असलेल्या ठिकाणी जाऊन घ्यावी. तेथे कारागिराचे काम समोर दिसते आणि किमतीचे कारणही कळते.

परतण्यापूर्वी

शेवटचे काम प्रमाणपत्राचे असते आणि गडबडीत नेमके तेच राहून जाते. क्रीडा प्रमाणपत्र केवळ भिंतीवर लावण्यासाठी नसते. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी आणि पुढे शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्याची पडताळणी होते. म्हणून प्रमाणपत्र हाती पडताच खेळाडूचे संपूर्ण नाव शाळेच्या नोंदीप्रमाणेच आहे का, जन्मतारीख, वयोगट, खेळप्रकार, स्पर्धेची तारीख आणि मिळालेले स्थान बरोबर लिहिले आहे का, सह्या आणि शिक्का आहे का, हे तेथेच उभे राहून तपासावे. आडनावातला एक काना किंवा वेलांटी चुकली असेल तर आयोजकांच्या टेबलावर ती त्याच दिवशी दुरुस्त होते. गावी परतल्यावर त्यासाठी पत्रव्यवहार आणि पुन्हा प्रवास करावा लागतो. सामन्याच्या गुणपत्रिकेची एक प्रतही मागून घ्यावी आणि दोन्हींचे मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र काढून ठेवावे.

त्यानंतर खोली सोडताना मुलांकडून साहित्य मोजून घ्यावे, नळ बंद आहेत की नाहीत ते पाहावे आणि जारवाल्याचे रिकामे जार परत करावेत. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांनी जालना रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी धरून गाडीच्या वेळेआधी दीड तास मुक्कामावरून निघावे, आणि धपाट्यांचा डबा वरच्या पिशवीत ठेवावा.